तीस चुलींचं गणित

मोबाईल मला उत्तम येतो! हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण शेवटपर्यंत वाचल्यावर तुम्ही ते मान्य करणार नाही.

लाखनीकडच्या एका राईस मिलमध्ये मी काट्यावर होतो. पोती मोजण्यात जन्म गेला. कोणतं पोतं कुणाचं, हे मी कधी चिठ्ठी वाचून ओळखलं नाही. जागेवरून ओळखायचो. दाराजवळची थप्पी याची, खांबाजवळची त्याची. कधी चूक नाही! मोबाईलचंही मी तसंच ठेवलं. नावं वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा शोधायला निर्मला लागायची. निर्मला म्हणजे माझी बायको. ती मागच्या माघात गेली. तेव्हापासून चष्मा बहुतेक वेळ सापडत नाही. म्हणून मी व्हॉट्सॲपमधल्या जागाच पाठ करून टाकल्या. सगळ्यात वर असतो तो गणिताचा ग्रुप. त्याच्या खाली आमच्या टोलीचा, म्हणजे आमच्या वस्तीचा. बाकीचं जग त्याच्या खाली.

आता म्हातारपणी गणिताचा ग्रुप कुठून आला, ते सांगतो.

निर्मलाचा मोबाईल कपाटावर पडून होता. कुणाचा फोन येत नव्हता, कुणाला जात नव्हता. तरी मी तो रोज चार्ज करायचो. का, ते विचारू नका. बैल गेला तरी माणूस सकाळी दावणीपाशी जाऊन उभा राहतोच. आम्हाला मूलबाळ नाही. घरात दोनच मोबाईल, एक माझा आणि एक तिचा, आणि बोलणारा मी एकटा!

दिवाळीनंतर आमच्या टोलीत एका संस्थेच्या टीना मॅडम आल्या. त्या खेड्यातल्या मुलींना मोबाईलवरून गणित शिकवतात. प्रश्न आवाजात येतो, मुली ऐकतात, सोडवतात आणि उत्तर आवाजातच पाठवतात. पण आमच्याकडे मुलीला मोबाईल कोण देतो? घरात एक असतो, तो बापाच्या खिशात, नाहीतर भावाच्या हातात. पोरीच्या वाट्याला येतो फक्त चार्जिंगला लावायला. मॅडम म्हणाल्या, कुणाकडे जास्तीचा असेल तर बघा. मी उठलो आणि कपाटावरचा खाली काढला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्या घरापुढच्या छपरीत टोलीतल्या पोरी जमू लागल्या. निर्मलाचा मोबाईल धान्य मापायच्या पायलीला टेकवून मधोमध उभा करायचा आणि भोवती पोरी. शेकोटीभोवती बसतात तशा!

त्यांच्यातली तृप्ती म्हणजे शेजारच्या जागेश्वरची मुलगी. नववीत. सहामाहीत गणितात चाळीसपैकी सहा मार्क पडले होते, आणि ते सहाही बाईंनी अक्षराकडे पाहून दिले असावेत. जागेश्वर तिला घेऊन आला तो अटी घेऊनच आला.

"इश्वरभाऊ, पोरीच्या हाती मोबाईल म्हणजे माकडाच्या हाती कोलीत! तुमच्या घरी, तुमच्या डोळ्यासमोर, म्हणून धाडून राहिलो."

"धाड नं बिनधास्त."

"पण एकबी भानगड झाली नं, त मोबाईल बंद अन् शाळाबी बंद. मी शिलाई मशीन आणून ठेवली आहे घरी. तेल घालून तयार आहे."

तृप्ती खाली पाहत होती. त्या मशीनीची तिला वाघापेक्षा जास्त भीती होती.

"अरे, भानगड कशी होईन?" मी छाती पुढे काढून म्हणालो. "मी आहे नं!"

हे वाक्य लक्षात ठेवू नका. मलाच लाज वाटते.

पोरी भराभर शिकू लागल्या. ग्रुपमध्ये दुसऱ्या गावांच्या मुलीही होत्या. गोसीखुर्द धरणात गाव गेलेल्यांच्या पुनर्वसनातली एक रीना होती. मॅडमचा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर हजर! तृप्ती मात्र पुस्तकातल्या उदाहरणांवर अडायची. गणित चुकतं म्हणून नाही. तिला ते पटायचंच नाही.

"आबाजी, हा माणूस बागेभोवती सात चकरा मारून राहिला. कायले? त्याचं काही हरवलं का?"

टीना मॅडमना हे सांगितलं, तर त्या फोनवर हसून म्हणाल्या, "मग काका, तुम्हीच तुमच्याकडचं उदाहरण तयार करून टाका ना ग्रुपवर!"

झालं! मला कुणी 'तुम्हीच करा' म्हणायची खोटी! मी रविवारी सकाळी खाट उन्हात ओढली आणि उदाहरण जुळवायला बसलो. आमच्याकडे चूलबंद जेवणाची रीत आहे. चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. आजीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे, आणि आलेला पाहुणाही, आवतन देणाऱ्याकडे जेवतात. हे प्रत्येक पोरीला माहीत. मग विषय ठरला. आता जेवण कुणाच्या घरी ठेवायचं? जागेश्वरचं नाव घालावं तर तो भांडायला येईल. कैलाशचं घालावं तर तो स्वतःच स्वैंपाकी, त्याला वाटेल काम आलं. त्यापेक्षा आपलंच नाव बरं, आपण आपल्याशी भांडत नाही!

वरच्या ग्रुपवर बोट ठेवलं आणि घसा साफ करून बोललो.

"ऐका. आपल्या टोलीत तीस चुली आहेत. येत्या बुधवारी इश्वरभाऊच्या घरी सगळ्यांना चूलबंद जेवण आहे. एका चुलीमागे सहा माणसं धरा. एक किलो तांदळात सहा जण जेवतात."

इथे मला खोकला आला आणि बोट उचललं गेलं. तेवढंच वाक्य निघून गेलं. काही हरकत नाही, म्हटलं, उरलेलं दुसऱ्यांदा पाठवू. पाणी प्यालो, मोबाईल पुन्हा उघडला, पुन्हा वरच्या ग्रुपवर बोट ठेवलं.

"तर एकूण तांदूळ किती लागतील? विचार करून सांगा. लाजू नका."

झालं! एवढं सोपं काम आणि लोक उगाच कॉम्प्युटरचे क्लास लावतात!

झालं होतं ते असं. हे मला नंतर कळलं, तुम्हाला आताच सांगतो. मी पहिल्यांदा बोट ठेवायला आणि टोलीच्या ग्रुपवर जागेश्वरचा शुभ सकाळचा गुलाब यायला एकच गाठ पडली. गुलाब आला की तो ग्रुप टुणकन वर चढतो! मिलमधली थप्पी कधी अशी उड्या मारायची नाही. मी पाणी पीत असताना रीनाने 'आज गणित नाही का?' असं विचारलं, तेव्हा गणिताचा ग्रुप पुन्हा वर. म्हणजे आवतन गेलं सगळ्या टोलीला आणि प्रश्न गेला पोरींना! टोलीच्या ग्रुपचा आवाज मी कधीचाच बंद करून ठेवला होता. रोज एवढे गुलाब कुणी पाहायचे?

आणि निर्मलाच्या वर्षश्राद्धाला आता थोडेच दिवस उरले होते. जेवण कधी, हे टोलीत जो तो दुसऱ्याला विचारत होता. मला कुणी विचारत नव्हतं. टोलीतल्या बायकांनीच बजावलं होतं, "त्याईले विचारू नका, रडतेत."

सोमवारी सकाळी हातपंपावर शकुनबाई भेटल्या. समोरच्या घरच्या. निर्मलाची आणि त्यांची रोजची बैठक असायची.

"भाऊजी, लय चांगलं केलं तुमी," त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या. "निर्मलाबाई जिथं असंन तिथं खुश होईन."

मला वाटलं, तिचा मोबाईल पोरींना दिला त्याबद्दल बोलताहेत. "तिच्या नावानं काही व्हावं, असं मलेबी वाटे," मी म्हणालो.

"होय नं! अख्खी टोली खुश आहे."

मी चाट! टोलीला गणिताची एवढी गोडी कधी लागली?

"अन् मोजूनबी सांगितलं तुमी. किलोत सहा! आमचे घरचे लय हासले. म्हणे, इश्वरभाऊ काट्यावरचा माणूस, सरगात गेला तरी आधी दारातला काटा तपासंन!"

म्हणजे शकुनबाईंनी माझं उदाहरणही ऐकलं होतं! वा! "मग किती आलं उत्तर?" मी विचारलं.

"कायचं उत्तर?"

"तांदळाचं!"

"ते तुमीच पाहान नं भाऊजी. आमी कोन सांगनार?"

"सांगा हो, लाजू नका!"

शकुनबाईंनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं, घागर उचलली आणि भराभर निघून गेल्या.

घरी येतो तो रीनाचा आवाज आलेला. "आबाजी, कोणते तांदूळ? पूर्ण उदाहरण धाडा नं."

"पूर्णच आहे बेटा," मी उत्तर दिलं. "डोकं लाव!"

"डोकं लावलं, आबाजी. पण नुसतं 'तर' आलं. 'तर'च्या आधी काय होतं?"

आजकालच्या पोरांना धीर नाही, असं म्हणून मी मोबाईल उलटा ठेवला.

दुपारी कैलाश आला. टोलीत कुठलंही कार्य असो, रांधायला तोच. त्याने मंदिरातले मोठे गंज, कढई, झारे, सगळं बैलगाडीतून आणलं होतं.

"कुठं ठेवू जी, इश्वरभाऊ?"

मंदिराला चुना देणार असतील, म्हणून भांडी इकडे आणली असतील. शेजारधर्म आहे. "ठेव बाबा छपरीत," मी म्हणालो.

मग तो अंगणात उभा राहून बोट ओलं करून वारा पाहू लागला. "चूल इथं बरी राहीन. धूर तिकडं जाईन."

"कोणाची चूल?"

"मोठी!" तो म्हणाला आणि विडी पेटवून निघून गेला.

कैलाशला मी लहानपणापासून ओळखतो. त्याच्या उत्तरांचा अर्थ लावायचा नसतो.

संध्याकाळी जागेश्वर आला. आल्याआल्या त्याने मला मिठीच मारली. हा माणूस एरवी राम राम करतानाही हात खिशातून काढत नाही!

"इश्वरभाऊ, मी सगळ्याईले म्हणत होतो, थो करंन! उशिरा करंन, पण करंन! शहापूरहून बहिणीलेबी बोलावून घेतलं मी."

मी समजलो की पोरीची प्रगती दाखवायला आत्याला बोलावलं. माझा ऊर भरून आला. "आण नं! तिलेबी बसवू!"

"बसवनारच! पहिल्या पंगतीत!"

पोरी माझ्या छपरीत रांगेनेच बसतात. तेव्हा त्यातही मला काही वावगं वाटलं नाही. माणसाच्या डोक्यात एकदा गणित शिरलं की दुसरं काही शिरत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

मंगळवारी दुपारी मात्र फुटलं. त्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मुली दुपारीच जमल्या होत्या. इतक्यात शकुनबाई आणि त्यांच्यामागे टोलीतल्या पंधरा-वीस बाया सुपं घेऊन अंगणात शिरल्या. मी म्हटलं, वा! आता आयांनाही शिकायचं आहे! मी चटई टाकायला वळलो.

"चटई राहू द्या भाऊजी, तांदूळ काढा," शकुनबाई म्हणाल्या.

"तांदूळ कायले?"

"निवडाले! उद्या जेवण आहे. ते काय खड्यासंगट शिजवता का?"

"कोणाकडं जेवण?"

साऱ्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एकजण कुजबुजली, "काही आठवत नाही त्याईले. दुःखानं होते असं."

तृप्ती हुशार. तिने माझ्या बंडीच्या खिशातून मोबाईल काढला, मला हाताला धरून परसात नेलं आणि टोलीचा ग्रुप उघडला. माझाच आवाज आला. इश्वरभाऊच्या घरी सगळ्यांना चूलबंद जेवण आहे! त्याच्याखाली जोडलेले हात, हात आणि हात. एवढे हात मी मतदानाच्या वेळीही पाहिले नव्हते.

मी कडुलिंबाखाली मटकन बसलो.

"आत्ताच जाऊन सांगतो सगळ्याईले," मी म्हणालो. "म्हणतो, गणित होतं."

"नका आबाजी!" तृप्तीने माझी बाही धरली. "बावा म्हणंन, मोबाईलची भानगड झाली. उद्यापासून मले मशीनवर बसवंन. आत्ता कुठं मले त्रैराशिक येऊन राहिलं."

खरं सांगायचं तर मला ते वर्षश्राद्ध करायचंच नव्हतं. तेरवीला मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. लोक जेवले, गेले, मला एक घास उतरला नाही. वर्षाचं जेवण घातलं की ती पक्की गेली, असं काहीसं मनात होतं. जास्त शिकलेलो असतो तर नीट सांगता आलं असतं. पण समोर ही पोर उभी होती, मोबाईल दोन्ही हातांनी छातीशी धरून. आणि तिकडे बाया सुपं वाजवत होत्या.

"चाल," मी म्हणालो. "तांदूळ काढू."

मग जी धावपळ झाली ती विचारू नका! तांदळाची कोठी घरचीच होती. वांगी शकुनबाईंच्या बाडीतली. डाळ, तेल, बुंदीचं बेसन लाखनीहून आलं. प्रश्न होता, किती? कैलाश म्हणाला, "साठ किलो तांदूळ टाकू. अंदाज आहे माझा."

"एका चुलीमागे सहा धरले त तीसच किलो होते," एक पोर म्हणाली.

"पण धरायचे कायले?" तृप्ती उठली. "घरोघरी जाऊन विचारते. चूलबंद आहे, पाहुणेबी येतीन."

ती वही-बिही न घेता निघाली. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तोंडाने बेरीज चालूच. जागेश्वरकडे तर आत्या, आत्याचे यजमान आणि त्यांची तीन लेकरं आधीच पोचली होती. परत आली तेव्हा म्हणाली, "दोनशे बावन. भागिले सहा. बेचाळीस किलो!"

"साठ!" कैलाश म्हणाला.

"बेचाळीस!"

"पोरी, मी तुया मायच्या लग्नात रांधलं आहे!"

"मग तवाचे तांदूळ उरलेच असतीन, कैलाशकाका. ते बी आणा!"

बाया खदखदून हसल्या आणि कैलाश बेचाळीसवर आला. तृप्तीने डाळही त्याच हिशोबाने काढली, तेल काढलं, वांगी काढली. मीठही काढायला निघाली, तेव्हा मात्र कैलाशने हात जोडले. "मीठ त्रैराशिकानं पडत नसते, माय! ते मले पडू दे!"

या गडबडीत मला एक सत्कर्म सुचलं. रीना बिचारी दोन दिवसांपासून 'तर'च्या आधीचं मागत होती. आपली चूक आपण सुधारावी, म्हणून मी ते पहिलं वाक्य टोलीच्या ग्रुपमधून उचललं आणि गणिताच्या ग्रुपवर पाठवून दिलं. या वेळी नाव वाचून, चष्मा लावून! तृप्ती तेव्हा चुलीपाशी होती. नाहीतर तिने माझा हात धरला असता.

बुधवारी सकाळपासून अंगण भरलं. तीस चुली खरोखर थंड होत्या. टोलीत धूर निघत होता तो फक्त माझ्या घरून. निर्मलाचा फोटो छपरीत मांडला होता. मी ठरवून भिंतीकडे तोंड करून बसायला गेलो, तर भिंतीला टेकून शकुनबाईच बसल्या होत्या. त्यांनी सुरू केलं, निर्मलाने एकदा मिठाऐवजी खाण्याचा सोडा टाकून केलेल्या वरणाचं. त्यावर दुसरीने निर्मलाने शेळीच्या मागे नालीत उडी मारल्याचं काढलं. ते मला माहीतच नव्हतं! मला ती म्हणाली होती, पाय घसरला. मी हसलो. हसताना बुंदीचा लाडू कधी तोंडात गेला, कळलं नाही.

पहिली पंगत उठली आणि रस्त्यावर टेम्पोचा भोंगा वाजला. टेम्पोतून उतरली रीना. तिच्यामागे तिचा बाप, आई, काका, शेजारी, लेकरं आणि सगळ्यात शेवटी टीना मॅडम!

"राम राम, इश्वरभाऊ!" रीनाचा बाप म्हणाला. "आवतन भेटलं. इतक्या दुरून आठवण केली, मन भरून आलं. तुमच्यासाठी गोसीच्या मासोळ्या आणल्या."

"श्राद्धाले मासोळी!" कैलाश चुलीपासून ओरडला. टोपली उलट पावली टेम्पोत गेली आणि टोलीतल्या साऱ्या मांजरी टेम्पोच्या भोवती पंगत धरून बसल्या.

रीना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी सांगितलं होतं बावाले, हे गणित आहे म्हणून. बावा म्हणे, गणितात कधी बुधवार राहते का?"

बापाचा मुद्दा बिनतोड होता.

"चोवीस माणसं!" तृप्ती पंगतीतूनच ओरडली. तिने टेम्पो रिकामा होतानाच मोजला होता. "कैलाशकाका, चार किलो अजून चढवा!"

तोवर मी चोवीसला सहाने भागायला बोटं उघडत होतो. जागेश्वर वरणाची बादली घेऊन उभा होता. तो लेकीकडे पाहतच राहिला.

सगळं इथंच गोड झालं असतं. पण टीना मॅडम आनंदात होत्या.

"काका!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नाही! पोरींना शाब्दिक उदाहरण समजावं म्हणून खरोखरचं जेवण! तीसच्या तीस चुली!"

जागेश्वरची बादली थांबली. "कोनतं उदाहरण?"

कुणी काही बोलायच्या आत रीनाने उत्साहाने बापाच्या खिशातला मोबाईल काढला. "हे पाहा काका. हे पहिलं," आणि माझा आवाज वाजला. "अन् हे दुसरं."

तर एकूण तांदूळ किती लागतील? विचार करून सांगा. लाजू नका.

फक्त टेम्पोपाशी मांजरी भांडत होत्या.

"बाई गं!" शकुनबाई म्हणाल्या. "म्हणून भाऊजी मले पंपावर लाजू नका, लाजू नका करून राहिले होते! मी दोन दिवस त्या पंपावर गेली नाही!"

जागेश्वरने बादली खाली ठेवली. "म्हणजे इश्वरभाऊ, जेवण नोहतंच?"

"आता आहे नं."

"पण नोहतं!"

"नोहतं," मी म्हणालो. "उदाहरण होतं. चुकून तुमच्याकडं गेलं."

"मंग ही भानगडच झाली! मोबाईलची भानगड! मी काय म्हटलं होतं?"

तृप्तीच्या हातातला भाताचा झारा तसाच राहिला. साऱ्या पोरी तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी पुढे झालो. "जागेश्वर, जे बोलायचं ते मले बोल. पोरीनं काही केलं नाही."

"थांबा," शकुनबाई उठल्या. "भानगड कोनाच्या बोटानं झाली?"

सगळी टोली माझ्या बोटाकडे पाहू लागली. मी ते बंडीच्या खिशात घातलं.

"तृप्तीनं दोन महिने मोबाईल वापरला," शकुनबाई म्हणाल्या. "एक तरी मेसेज इकडचा तिकडं गेला का? सांग नं जागेश्वर! अन् आज तिनं नसतं मोजलं, त तुया बहिणीच्या पानात भात आला असता का?"

"आला असता!" कैलाश म्हणाला. "साठ किलो टाकले असते त उद्याबी आला असता, परवाबी आला असता."

पंगतीत हसू फुटलं. जागेश्वर हसला नाही. तो लेकीकडे वळला.

"चोवीसचे चार," तो तिला म्हणाला. "तोंडीच केलं तू?"

"हो, बावा."

"मशीनपाशी बसली असती त हे आलं असतं का?"

जागेश्वरने बादली पुन्हा उचलली आणि सगळ्यांसमोर निकाल दिला.

"पोरीईचा मोबाईल चालू राहीन. इश्वरभाऊचा बंद!"

टाळ्या पडल्या! माझ्याच अंगणात, माझ्याच बायकोच्या वर्षश्राद्धाला, माझ्याच घरचा भात खाऊन लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात टीना मॅडमनी! मग त्यांनाच दया आली आणि तडजोड झाली. उदाहरणं मी करायची, बोलायचीही मी. पण पाठवायच्या आधी तृप्तीने ऐकायची आणि बटण तिनेच दाबायचं.

तेव्हापासून तसंच चालू आहे. पोरी रोज छपरीत येतात. जागेश्वरची मशीन आता त्याची बायको चालवते, आणि शिवताना कापड किती लागेल ते तृप्तीला विचारते. घरात बोलणं होतं. निर्मलाचा मोबाईल आता पोरीच चार्ज करतात, मला आठवण राहत नाही.

माझं काही बिघडलं नाही. एक छोटासा जाच तेवढा आहे. तृप्तीला न दाखवता माझं एक अक्षर बाहेर जात नाही. ही हकीकतही तिने आधी वाचली. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, कैलाशकाकाचं नाव काढू का म्हणाली, मी नको म्हणालो. शेवटी कागद माझ्या हातात देत म्हणाली, "आबाजी, याच्यात जेवणाचं लय आलं आहे. खाली एक ओळ लिवा. नाही त लोकं येतीन."

म्हणून लिहितो. वाचकहो, हे आवतन नाही. कृपा करून चुली पेटवून घ्याव्या.